गुंजभरही नाही

आजोबांच्या पितळी वजनांत एक विंचू होता,
एक मान मागे वळवलेला पक्षी,
आणि सगळ्यांत हलकं वजन पितळेचं नव्हतंच,
वेलीवरची गुंज होती ती,
लाल, टोकाला काळी.
तिच्यापुढे कुमासीच्या बाजारात सोन्याची भुकटी तोलायचे
आणि उडू नये म्हणून
देणारा-घेणारा दोघंही श्वास धरून बसायचे.

माझं सोनं गुंजेच्या हिशेबातच येत नाही.
सकाळी मी काचेची भांडी अम्लराजाने धुते,
पिवळट पाणी उकळत ठेवते, सायट्रेट ओतते.
रंग आधी पळून जातो.
मग शाई सांडल्यासारखं काळवंडतं,
आणि मग चढत जातो लाल,
शाळेबाहेर पिशव्यांतून विकतात त्या सोबोलोचा,
अंबाडीच्या बोंडांचा लाल.

"लाल सोनं?" बाबा हसले होते.
"फसवलं तुला, डुफी."
ओबुआसीच्या खाणीत सव्वीस वर्षं,
निवृत्तीला मिळालं एक घड्याळ, एक खोकला.
त्यांना कोण शिकवणार सोन्याचा रंग!

सोन्याहून पिवळं मी एकदाच पाहिलंय :
हरमटानचा कोरडा वारा सुटला होता
आणि न्यामेक्येच्या डोळ्यांत.
अकरा वर्षांचा होता.
रात्रभर त्याची हाडं कुणीतरी चावत असे
आणि आत्या दारात उभी राहून म्हणत असे,
हिच्या माहेरचं आहे हे, आमच्यात नाही असलं.
आई कापड गरम करून त्याचे गुडघे शेकायची.
बाबा रात्रपाळीला जायचे.

एवढ्या लांब पोथीत
एका ओळीत एक अक्षर, ए च्या जागी टी.
बाकी सगळं शुद्ध.

मी सोन्याच्या कणांना धाग्यांचे तुकडे बांधते.
जुळणारा धागा भेटला की कण एकमेकांजवळ येतात
आणि लाल पाणी जांभळं होतं.
मग हळूहळू तापवायचं.
जिथं एक अक्षर चुकलंय ती गाठ आधी सुटते,
पाणी पुन्हा लाल.
जिथं सगळं जुळलंय ती अजून धरून असते.
छप्पन्न अंशांवर मी थांबते.
दोन नळ्या : एक धड अक्षर ओळखणारी, एक बदललेलं.

लग्न ठरलेली जोडपी येतात,
चर्चची चिठ्ठी घेऊन, नवे बूट घालून.
मी त्यांना खुर्च्या देते.

गुरुवारी बाबा आले.
वाटलं, डबा घेऊन आले असतील.
त्यांनी शर्टाची बाही वर केली.
"मला बघायचंय," म्हणाले.
मी म्हटलं, बघायला काय हवं,
मुलाला दोन्हीकडून मिळाल्याशिवाय तसं होतच नाही,
मी सांगितलंय तुम्हाला कितीदा.
"सांगितलंस. मला बघायचंय."

बावन्न. चौपन्न.
खाणीत उतरताना पिंजऱ्याच्या दांडीला धरतात
तसं त्यांनी टेबल धरलं होतं.
छप्पन्न.
पहिली नळी जांभळी राहिली.
दुसरीही.

"म्हणजे?"
म्हणजे एक अक्षर धड, एक तसं. तुमच्यातही.

बराच वेळ ते नळीकडेच बघत होते.
मग विचारलं, यात सोनं किती असेल?
मी म्हटलं, गुंज सोडा,
गुंजेवर बसलेल्या धुळीइतकंही नाही.
ते खोकले. खोकला थांबेपर्यंत मी नळीवरचा नंबर
उगाच पुन्हा लिहीत बसले.

मग त्यांनी माझा फोन मागितला.
पलीकडे आई, मागे कोंबड्यांचा कालवा.
बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले,
"अमा, माझ्याकडूनही गेलं होतं त्याला."
"आवाज तुटतोय," आई म्हणाली,
"काय म्हणालात? परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.