प्रकल्प : हरिपूरची पेवं

मगदूम बाई म्हणाल्या, प्रस्तावना शेवटी लिही.
मी तर लिहून बसले होते :
‘कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेले हरिपूर…’
चार ओळी. चारही कुणाच्याही वहीतल्या.

टेप घेऊन इलाहीचाचांकडे गेले.
पेव पुरात बुजलेलं.
त्यांनी हातानंच दाखवलं, तोंड एवढंसं,
आत अख्खी गाडीभर हळद.
‘आणि उघडल्या उघडल्या उतरायचं नाही, पोरी.
आधी कंदील सोडायचा.
विझला तर वर थांबायचं.’

तक्त्यात भरलं :
खोली – माहिती उपलब्ध नाही.

रात्री प्रस्तावना खोडली.
आता एकच ओळ आहे :
पेवाचं तोंड लहान असतं.

निष्कर्षाचं पान अजून कोरं.
बाईंनी विचारलं तर सांगेन,
कंदील सोडलाय.