न फोडलेला ठोकळा

पोर्तुगालमधल्या त्या डोंगरातून
टंगस्टन गेलं जहाजं भरभरून.
मागं राहिला राखाडी गाळ,
चर्चच्या घंटेपेक्षा उंच.

झुल्मिरा तोच चाळते,
चुन्यात कालवते, ठोकळे पाडते.
मिठाच्या पाण्यात बुडव, गोठव,
वितळू दे, पुन्हा गोठव.
वहीत : कडा शाबूत. एक भेग, केसाएवढी.

आदेरितू गवंडी पेरानं टकटक करून ऐकतो,
"बोलतोय खणखणीत. पण शंभर हिवाळे
मोजायला थांबणार कोण?"

किती टिकेल ते फोडल्याशिवाय कळत नाही.
यंत्र दाबतं, काटा चढतो,
कट्.
आकडा चांगला येतो.

एक मात्र तिनं फोडला नाही.
ढिगाच्या तळचा गाळ त्यात,
बापाच्या पाळीतला.
घरी, दार आपटू नये म्हणून ठेवलाय.

वारा येतो. दार हलतं.
तो नाही.