पुरं लिही

महाप्याच्या एमआयडीसीत शुक्रवारी लाइट जाते,
म्हणून जेल गुरुवारीच ओतायचं.
काचेच्या दोन पाट्या, मध्ये दीड मिलिमीटरची फट,
बुडबुडा दिसला तर मोडून पुन्हा.

नमुने पाच मिनिटं उकळले
की प्रथिनांच्या घड्या मोडतात.
मग वीज सोडायची. हलकी पुढे पळतात, जड रेंगाळतात,
निळी रेघ तळाला टेकली की बटण बंद.
जेलवरचं सगळं पडद्यावर उतरवायचं
आणि पडद्याच्या मोकळ्या जागा दुधाने बुजवायच्या,
नाहीतर अँटिबॉडी दिसेल तिथे चिकटते.
दूध पावडरचं. पाकिटावर मार्करने लिहिलंय, ‘चहासाठी नाही’.
खाली दुसऱ्या अक्षरात, ‘विचारून’.

मी शोधतेय ते प्रथिन छप्पन्न किलोडाल्टनचं.
काय करतं, ठाऊक नाही.
जीनला हात लावायचा नाही,
त्याचा निरोप तेवढा वाटेत फाडायचा,
आणि बहात्तर तासांनी बघायचं
पेशी काय विसरली.
कुणाचं काम कळायचं तर त्याला गप्प करून बघा,
असं आमचं शास्त्र.
ऐकायला बरं वाटत नाही. मलाही नाही वाटत.

बेचाळीसला अ‍ॅक्टिन.
घरकामी जीन म्हणतात त्याच्या जीनला.
तो सगळ्या खणांत सारखा उमटला
तरच वरचं खरं धरायचं.
निबंधात त्याची पट्टी कापून तळाशी लावतात, नखाएवढी.
त्याच्याकडे कुणी बघतं ते
तो बिघडल्यावर.

तो बिघडला मार्चमध्ये.
तीन आठवडे पडदा नुसता काळा,
त्यात पट्टे कुठे, डाग कुठे, कळेना.
सबनीस सरांनी अँटिबॉडीचा लॉट बदलला,
कंपनीला खरमरीत मेल लिहिली.
मी बफर नव्याने केलं, लिटरला आठ ग्रॅम मीठ,
काट्यावर चौथ्या दशांशापर्यंत.
रात्री साडेनऊला रिक्षा मिळेना,
घणसोली स्टेशनपर्यंत चालत गेले
आणि वाटेत ठरवलं की पीएचडी सोडायची.

जमनाबाई सुट्टीवर होती, लेकीचं बाळंतपण.
काचसामान धुवायची ती. तीन पाणी नळाचं, तीन डिस्टिल्ड,
मग बाटल्या उपड्या, तोंडाला फॉइल.
ती नसताना आम्ही पाळीपाळीने धूत होतो,
म्हणजे विसळत होतो.
हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही,
आम्ही सहा जण, त्यातले दोन डॉक्टरेट.

आली त्या दिवशी तिने एक बाटली उजेडात धरली,
आत बोट फिरवलं, बोटांत बोट चोळलं.
‘साबन गेलाच नाय यांचा.’
बास. एवढंच.
सगळ्या बाटल्या मोरीत घेतल्या,
नातीचं नाव सांगत सांगत धुतल्या.
तिच्या बापाची मिठागरं होती इकडच्या खाडीला.
माझा काटा बघून हसली,
‘मीठ पन इतकं मोजता?’

पुढच्या गुरुवारी अंधाऱ्या पेटीत
कॅमेऱ्याने चाळीस सेकंद वाट बघितली.
अ‍ॅक्टिन आठही खणांत, सारखा, ठसठशीत.
वरचा पट्टा तीन खणांत विरलेला, पुसत आणलेला.
सरांना विरलेलं दिसलं. त्यांनी शेजारच्या लॅबला बोलावलं,
कुणीतरी समोसे आणले.
मी खालच्याकडेच बघत राहिले जरा वेळ.

वहीत आम्ही सगळं नोंदतो,
जेलची तारीख, अँटिबॉडीचा लॉट, दुधाचं पाकीट कधी फोडलं.
त्याच रकान्यात खाली एक ओळ वाढवली,
काचसामान, ज. मढवी.
फडकं मारता मारता तिने वाकून पाहिलं,
‘यात माजं काय लिवलंस?’
वाचून दाखवलं.
‘ज काय ज. पुरं लिही.’