पान एक्केचाळीस

"आधी कुठलं वाचू?" त्यानं विचारलं.
टोपीवरचा बर्फ माझ्या काउंटरवर वितळत होता.
आर्विड हालोनेन. डुलुथच्या खनिजगोदीवर
वीस वर्षं वजनं मांडली; गोदी बंद पडली,
आणि भरपाईच्या पैशांत माणसानं काय आणावं?
कॉम्प्युटर.
पडद्यावर हिरवा ए, पुढे एक बाण,
बाकी सगळा काळोख.

जाडा खंड नको, म्हटलं,
ज्याला येतं त्यालाच तो कळतो.
हे पातळ ने, कुणा मास्तरानं लिहिलंय:
प्रोग्रॅम शंभराच्या घरात राहायला येतो
(तिथलं शंभर म्हणजे आपले दोनशे छप्पन्न, दचकू नका),
काही लागलं तर पाच नंबरचं दार ठोठवायचं,
काय हवं त्याचा आकडा
आधी सी नावाच्या खिशात ठेवून.

तीन आठवड्यांनी आला, डोळे तांबारलेले.
"एक्केचाळीसावं पान. जसंच्या तसं उतरवलं.
मागितलं एक अक्षर,
यंत्रानं पडदाभर बरळून ठेवलं."

मी तळघरातली दुसरी प्रत काढली, कॉफी सांडलेली.
समासात कुणाची तरी पेन्सिल:
इथे नऊ नको, दोन हवा.
पुस्तक चुकलंय, तू नाहीस.

त्यानं ते उभ्याउभ्याच वाचलं.
मग टोपी काढली.

प्रत मार्चात परत आली,
पाकिटात दंडाचे चाळीस सेंट.
त्रेसष्टाव्या पानावर नवी पेन्सिल,
गोदीच्या वहीतलं ते ताठ अक्षर:
इथेही.

नियमानं खोडायला हवं.
खोडरबर ड्रॉवरमध्येच आहे.