खुलासा करावा

फाइल परत आली तेव्हा चार वाजून गेले होते.
समासात, हिरव्या शाईत, जरा तिरकं:
‘विरंगुळा’ म्हणजे नेमके काय? खुलासा करावा.

वित्त विभागाचे शिर्के साहेब.
अक्षर सुरेख. माणूस वाईट नाही,
त्यांना प्रत्येक शब्दामागे एक लेखाशीर्ष लागतं, एवढंच.

एकोणीस वर्षं मी या टेबलावर आहे.
तीनशेच्या वर चर्चासत्रं गेली हातून,
राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय, आणि एक नुसतंच भव्य.
पाहुण्यांचं विमान मी मंजुरीस सादर केलं,
त्यांची शाल, त्यांचा नारळ,
पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक, पुस्तकाची पावती,
ताट एकशे ऐंशी रुपये, गोड एकच,
कारण श्रीखंडाशेजारी गुलाबजाम दिसला
की लेखापरीक्षक चष्मा पुसतात.
वक्ते काय बोलले, मला माहीत नाही.
किती जण जेवले ते विचारा.

या वेळी पहिल्यांदाच यादीत आमची नावं.
शिक्षकेतर, एक्केचाळीस. दोन दिवस, पानशेत.
विषय: कार्यक्षमता वृद्धी व विरंगुळा शिबिर.
कार्यक्षमतेबद्दल कुणी काही विचारलं नाही.

ऑगस्टात टिपणी टाकली. दरपत्रकं तीन,
दोन खरी,
तिसरं पानशेतवाल्यानंच दिलं, मेव्हण्याच्या लेटरहेडवर.
ऑक्टोबरात पृच्छा: पानशेतच का?
उत्तर लिहिलं: जवळ आहे. पाणी आहे.
‘पाणी आहे’ मग खोडलं.
जानेवारीत: बस बत्तीस आसनी, माणसं एक्केचाळीस?
नावं कमी करा असं कुणी लिहिलं नाही,
पण नऊ नावांपुढे पेन्सिलीची बारीक टिंबं होती.
मी ती खोडरबरानं पुसली. त्याची नोंद कुठं नाही.
पुसता पुसता दिसलं,
त्यातलं एक टिंब खुद्द शिर्के साहेबांच्या नावापुढे.

लहानू ओव्हाळ फाइल नेतो-आणतो.
मुख्य इमारतीपासून वित्त विभागापर्यंत, वडांखालून, सायकलवर.
यादीत तो सतरावा.
सात महिने स्वतःचंच नाव काखेत घेऊन फिरतोय.
मेअखेर निवृत्ती.
परवा म्हणाला, बाई, तिथं पाणी किती खोल असतंय?
म्हटलं, ते फाइलीत नाही रे.

तर आता खुलासा.
पाठकोरा कागद घेतला.
विरंगुळा म्हणजे, फोन वाजावा आणि तो आपला नसावा.
खोडलं.
तांबेबाईंच्या सासूला रात्रीचं औषध
एक रात्र दुसऱ्या कुणीतरी द्यावं.
खोडलं.
लहानू बसलेला आहे, आणि चहा त्याच्याकडे येतो आहे.
हे खोडायला वेळ लागला.

बाहेर गणेशखिंड रस्त्यावर साडेपाचची कोंडी जमत होती,
कुणीतरी हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हतं.
मार्च संपायला नऊ दिवस.
निधी एकतीसला परत जातो. तो कुठं जातो, तिथं काय करतो,
मी कधी विचारलं नाही.
पुन्हा ते हिरवं वाक्य वाचलं.
नेमके काय.
पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस अडवत नसेल.
खरंच विचारत असेल.

मग लिहिलं, स्वच्छ, निळ्या शाईत:
सदर शब्दाचा अर्थ शिबिर पार पडल्यानंतर
सहभागी कर्मचाऱ्यांकडून घेऊन सादर करण्यात येईल.
अ.क्र. २९ यांची उपस्थिती त्यासाठी आवश्यक.
मान्यतेस्तव.

सही. तारीख.
लहानूनं सायकलचं स्टँड उडवलं.
म्हणाला, आजच देतो, साहेब सहापर्यंत असतात.
तो वळणावर गेला, मग आठवलं,
बस अजून बत्तीसचीच आहे.