मधूनच

नेलिदा एचेगाराय फोनवर म्हणाल्या,
"बंद पडतं. मधूनच."
मधूनच म्हणजे केव्हा, मी विचारलं,
तर म्हणाल्या, ते कळलं असतं
तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?

पायसान्दूच्या टोकाला, नदीकडच्या रस्त्यावर
लोकरीचं गोदाम. फायलींनाही तेलकट वास.
टेबलावर मातेचा तुंबा, काखेत थर्मास,
आणि एक चौकटीची वही:

सोमवार, १०.४०, पत्र लिहिताना.
गुरुवार, ३.१५, मेल उघडताना.
गुरुवार, ३.५०, काहीच करत नव्हते, देवाशप्पथ.

मी आमचं नेहमीचं सगळं केलं.
ॲड-इन एकेक करून उपटले,
प्रोग्राम सेफ मोडमध्ये उघडला,
तापातल्या पोराला नुसत्या पेजेवर ठेवतात तसा.
मेलचं प्रोफाइल मोडून नवं मांडलं.
अपडेट चढवले, उतरवले.
रात्रभर रॅम तपासली.
सकाळी पडद्यावर: दोष शून्य.
इतकं वाईट वाटलं!

मग अख्खं ऑफिस काढून पुन्हा घातलं.
रोग हल्याला, इंजेक्शन पखालीला.

मंगळवारी, ११.०५, माझ्या डोळ्यांदेखत
खिडकी पांढरी पडली
आणि वर ते सभ्य वाक्य उमटलं:
प्रतिसाद देत नाही.
नेलिदाबाईंनी माझ्याकडे न बघता
वेळ लिहिली.

तेव्हा कुठे मी यंत्र सोडून
वही वाचायला घेतली.
समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात
त्यांनी न विचारलेलंही लिहून ठेवलं होतं:
ट्रक आला. वजन. ट्रक आला, दोन फेऱ्या.
रस्ता बंद, ट्रक नाही.
आणि ट्रक नाही त्या दिवसाखाली
कुठलीच वेळ नाही.

"कुणाचा ट्रक?"
"फाउस्तिनोचा. गिचोनहून गठ्ठे आणतो.
वजन होईपर्यंत आमच्या वायफायवर
फुटबॉल बघत बसतो. का?"

प्रिंटरच्या यादीत सगळ्यात वर,
हिरव्या खुणेसकट, एक नाव होतं:
दुसरा मजला, ओमार.
दुसरा मजला आता दंतवैद्याकडे भाड्याने.
ओमार बेन्तांकोर निवृत्त, मोन्तेविदेओत, मुलीकडे.
प्रिंटर भंगारात.
पण कुठलंही पत्र उघडलं की प्रोग्राम आधी
त्यालाच विचारायचा:
कागद केवढा? समास किती सोडू?
उत्तर नाही आलं तर मुकाट पुढे जायचा,
त्याची सवय झाली होती.
अडचण वेगळीच. राउटर हा असा घरमालक
की खोली रिकामी दिसली की भाडेकरू घालतो.
ओमारच्या प्रिंटरचा जुना पत्ता तो कधीकधी
फाउस्तिनोच्या फोनला देऊन टाकायचा.
मग इतक्या महिन्यांनी प्रश्नाला उत्तर यायचं,
भलतंच,
आणि प्रोग्राम जागच्या जागी आडवा.

निदान माझा तर्क असा.
कोर्टात टिकणार नाही.

यादीतलं नाव काढायला गेलो.
"थांबा," बाई म्हणाल्या.
वाटलं, आता जुन्या दिवसांचं काहीतरी निघणार.
"आधी वेळ लिहू द्या."

आठ दिवस शांतता.
मी बिल पाठवलं, त्यांनी भरलंसुद्धा.
नवव्या दिवशी फोन:
"पडलं. एकदाच. ४.१०."
खोटं का बोलू, आवाजात थोडा विजय होता.

"ट्रक होता?"
"नव्हता."
मी डोळे मिटले. बूट काढलेले, ते पुन्हा घातले.
"समासात काय लिहिलंय, वाचा."

बराच वेळ
नुसता पानं उलटल्याचा आवाज.