बेरिंग

खोलीच्या तीन भिंतींना आंब्याच्या रिकाम्या पेट्या लावल्यात,
तोंडं आत, पोटात पेंढा.
चौथ्या भिंतीवर गोधडी, खिळ्यांना टांगलेली.
कामासाठी अर्ज करताना लिहिते:
"साउंडप्रूफ स्टुडिओ, देवगड."
अगदीच खोटं नाही ते. पेंढा आवाज गिळतो.
हापूस असो की माणसाचा शब्द, धक्का लागू देत नाही.

ऑगस्टपासून एकशे चार ठिकाणी मेल टाकले.
कुणी म्हणालं, आधी एक भाग फुकट करून दाखवा.
दाखवला.
कुणी म्हणालं, पैसे नाहीत, पण नाव होईल.
नाव आहे की आधीपासून: गौतमी भालचंद्र तारी,
रेशनकार्डावर आहे,
बर्फाच्या कारखान्यातल्या उधारीच्या वहीत
बाबांच्या नावाखाली आहे.
एकाने मिनिटाचा भाव विचारला.
पंधरा म्हटलं. तो गप्प.
दहा म्हटलं,
आणि त्या संध्याकाळी
पडेल भावात बांगडा देऊन आलेल्या आत्येला
पहिल्यांदाच काही बोलले नाही.

रात्री अकरानंतर व्होल्टेज बरं असतं.
कानांत पुण्याची, नाशिकची, दुबईची माणसं
पोटाच्या चरबीवर, म्युच्युअल फंडावर,
पहाटे पाचला उठण्यावर बोलत राहतात.
(तारामुंबरीत तीनला उठणाऱ्यांचा
कार्यक्रम कुणी करत नाही.)
मी त्यांचे "अं" काढते, गिळलेली थुंकी काढते.
एक गृहस्थ दर वाक्यामागे "बरोबर?" विचारायचे,
दोनशे बारा वेळा.
दोनशे अकरा काढले. एक ठेवला.
तिथे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

फाइल जड असली की स्कूटर काढून सड्यावर जायचं.
पाण्याच्या टाकीपाशी, कातळावर, रेंज येते.
मोबाइल डब्यावर उभा करून टक्के बघत बसायचं.
बासष्टवर अडकतं. नेहमी बासष्टवर.

दिवाळीनंतर पुण्याच्या मृणाल आपट्यांचा भाग आला,
कानाच्या आजारांवरच,
आणि त्यांच्या आवाजाखाली एक घरघर.
फिल्टर लावला तर बाई पिंपातून बोलू लागल्या.
काढला तर घरघर परत.
दोन रात्री गेल्या.

बाबा जेट्टीवर ट्रॉलरची इंजिनं बघतात,
पान्याचं एक टोक मशीनला, दुसरं कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटून.
त्यांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला.
मराठीतल्या इतक्या शुद्ध बाई, पण बाबांनी
त्यांचा एक शब्द ऐकला नाही.
"मागे पंखो आसा," म्हणाले.
"बेरिंग गेलाहा तेचा."
आणि ग्रीसचे हात पुसत जेवायला बसले.

मी तसंच लिहून पाठवलं. लाज वाटत होती.
उत्तर दुसऱ्या दिवशी: तुम्हाला कसं कळलं?
इलेक्ट्रिशियन आत्ताच येऊन गेला.
खाली सहा भागांचं काम,
मिनिटाला अठरा,
पैसे पंचेचाळीस दिवसांनी.
ते साठाव्या दिवशी आले, पण आले.
बाबांना त्यातला वाटा विचारला तर म्हणाले,
बेरिंगाचे मी पैसे घेत नाही, बसवण्याचे घेतो.

मार्च सरता सरता पेट्या भरल्या,
टेम्पोत चढल्या, वाशीला गेल्या.
रिकाम्या खोलीत एकदा टाळी वाजवली.
तीन भिंतींनी ती एकेक करून परत केली,
चिरमुरे उधळल्यासारखी.
सातवा भाग शुक्रवारी द्यायचाय.

खवळ्यांची कलमं यंदा उशिरा मोहरली,
त्यांच्या चाळीस पेट्या मेपर्यंत पडूनच असतील.
सुंभ घेतलंय, स्कूटरवर एका खेपेला सहा बसतात.
वाटेत माणसं विचारतील, आंबे कुठले?
काहीतरी सांगेन.